विश्लेषण : थर्मामीटर म्हणतो ताप नाही, मग तोंडाची आग का होते?

‘तोंडावर वाफ मारल्यासारखं होतंय डॉक्टर. कानशिलं तापतात, जीव घाबरा होतो. ताप बघितला तर नाहीच.’

गेवराई तालुक्यातलं उमापूर असो की आसपासचं कुठलंही गाव, दवाखान्याच्या बाकड्यावर अशी तक्रार ऐकली नाही असा माणूस मिळणं कठीण. त्यावरची उत्तरंही ठरलेली. उष्णता वाढली असेल, पित्त असेल, बीपी असेल. मग घरी सब्जा, गुलकंद, ताक, डोक्याला कांदा. आणि फरक नाही पडला तर एक सलाइन. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेलेला असताना सगळं उन्हावर ढकलताही येतं. पण हाच त्रास डिसेंबरच्या थंडीत होतो, बँकेच्या खिडकीपुढे होतो, मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर किंवा ग्रामसभेत माइक हातात आल्यावर होतो, तेव्हा उन्हाला बोल कसा लावणार?

या उत्तरांमधून एक कारण सारखं निसटतं, ते म्हणजे मनातली धास्ती. चिंतेनं चेहरा गरम होतो, लाल होतो, कानांपर्यंत आग पोहोचते. हे मनाचे खेळ नाहीत, रक्तवाहिन्यांमध्ये मोजता येणारा बदल आहे. बीड जिल्ह्यात मात्र याच्या उलटी चूकही घडू शकते. एखाद्या बाईची आग ‘टेन्शन आहे’ म्हणून निकालात काढायची आणि तिचं पिशवीचं ऑपरेशन झालंय का, हे विचारायचंच नाही. दोन्ही चुका महागात पडतात. म्हणून हा विषय जरा सविस्तर.

शरीरात नेमकं काय घडतं?

मेंदूला साप दिसणं आणि उचल फेडायची असताना मुकादमाचा फोन वाजणं, यात फार फरक करता येत नाही. धोका आहे एवढंच त्याला कळतं. मग आपल्या इच्छेवर न चालणारी एक मज्जासंस्था कामाला लागते, तिला अनुकंपी मज्जासंस्था म्हणतात. मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी अ‍ॅड्रिनलिन सोडतात. काळीज धडधडतं, श्वास वाढतो, स्नायूंकडे रक्त धावतं, तळहाताला घाम फुटतो. पळायचं किंवा भिडायचं, यासाठी ही सगळी तयारी असते. आपल्याला मात्र ना पळायचं असतं ना भिडायचं. आपण खुर्चीत बसलेलो असतो आणि समोरचा माणूस आपल्याकडे बघत असतो.

मराठीनं हे सगळं फार पूर्वीच टिपून ठेवलं आहे. भीतीनं माणूस पांढराफटक पडतो, लाजेनं गोरामोरा होतो, रागानं तळपायाची आग मस्तकात जाते, अपमानानं कानशिलं तापतात. म्हणजे भावना बदलली की चेहऱ्याकडे येणारं रक्त बदलतं, हे आपल्या बोलण्यात आहेच.

हातपाय गार, मग चेहराच गरम का?

हा या विषयातला सगळ्यात मजेशीर भाग. तोंडी परीक्षेला बसलेल्या मुलीचा हात धरून बघा, बर्फासारखा गार लागेल. त्याच वेळी तिचे गाल तापलेले असतात. एकाच मज्जासंस्थेनं एकाच क्षणी हात थंड आणि चेहरा गरम कसा केला?

पैठणच्या उजव्या कालव्याचं पाणी गेवराई तालुक्यातून पुढे माजलगावकडे जातं. आवर्तन सुटल्यावर पाटकऱ्यानं बऱ्याच चाऱ्यांची दारं खाली टाकली आणि एकाच चारीचं दार वर उचललं तर काय होईल? कालव्यात पाणी तेवढंच, पण त्या एका चारीला लोंढा. धास्तीच्या वेळी त्वचेच्या रक्तवाहिन्यांचं असंच होतं. हातापायांच्या त्वचेतल्या वाहिन्यांवर मुख्यतः ‘अल्फा’ प्रकारचे रिसेप्टर असतात. अ‍ॅड्रिनलिनच्या कुळातली रसायनं त्यांना मिळाली की वाहिन्या आवळतात, रक्त कमी होतं, हात गार पडतो. चेहऱ्याची रचना वेगळी आहे. १९८२ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी माणसाच्या चेहऱ्यातल्या शिरेचे तुकडे प्रयोगशाळेत तपासले, तेव्हा त्यांना तिथं ‘बीटा’ रिसेप्टरही काम करताना आढळले. त्यांना तोच संदेश मिळाला की शीर आवळत नाही, सैल पडते. त्यात भर म्हणजे गालांच्या त्वचेत केशवाहिन्यांचं जाळं दाट असतं आणि ते वरच्या थराला अगदी लागून असतं. रक्त वाढलं की ऊब लगेच जाणवते, रंगही लगेच दिसतो.

ही लाली थेट मज्जातंतूंमार्फत येते, याचा पुरावा रुग्णांकडूनच मिळाला. ऑस्ट्रेलियातले पीटर ड्रमंड आणि जेम्स लान्स यांनी १९८७ मध्ये असे रुग्ण अभ्यासले, ज्यांच्या चेहऱ्याच्या एका बाजूचे अनुकंपी मज्जातंतू निकामी झाले होते. त्यांच्या चेहऱ्याची चांगली बाजू लाल होई, घामेजून जाई. दुसरी बाजू मात्र कोरडी आणि फिकी राहत असे. माणूस एक, लाज एक, पण लाली अर्ध्याच चेहऱ्यावर.

मग ताप का येत नाही? कारण इथं फक्त रक्ताची वाट बदललेली असते, शरीराचं एकूण तापमान जवळपास तेवढंच असतं. त्वचेखालच्या संवेदना मात्र मेंदूला ‘गरम, गरम’ असं कळवत राहतात. थर्मामीटर आणि रुग्ण दोघंही खरं बोलत असतात. (दीर्घ ताणात काहींचं तापमान खरंच थोडं वाढतं, हेही वैद्यकात नोंदलेलं आहे. त्यामुळे थर्मामीटरनं वारंवार जास्त आकडा दाखवला तर तो मनावर सोडून देऊ नये. आधी जंतुसंसर्ग शोधावा.)

बीपीबद्दलही इथंच सांगितलेलं बरं. चेहरा लाल म्हणजे बीपी वाढलं, हा समज गावात पक्का आहे. प्रत्यक्षात वाढलेलं बीपी बहुतेकांना काहीच लक्षण देत नाही, म्हणून तर ते धोक्याचं. लाल चेहऱ्यावरून बीपी ओळखता येत नाही आणि चेहरा साधा दिसतो म्हणून बीपी नाही असंही नाही. ते मोजावंच लागतं.

सावळ्या चेहऱ्यावर लाली दिसतच नाही, मग?

पाठ्यपुस्तकांतली लाल गालांची चित्रं गोऱ्या माणसांची असतात. आपल्याकडे शेतात राबलेल्या चेहऱ्यावर ती लाली दिसेलच असं नाही. त्यामुळे ‘मला तर काही लाल दिसत नाही’ असं घरचे म्हणतात आणि विषय तिथंच संपतो.

हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी चार्ल्स डार्विनलाही पडला होता. भावना आणि चेहरा या विषयावरचं त्याचं पुस्तक १८७२ मध्ये आलं. त्यात एक अख्खं प्रकरण लाजून लाल होण्यावर आहे. माणसाच्या सगळ्या हावभावांमध्ये हा सर्वांत विलक्षण आणि सर्वांत मानवी, असं त्याचं मत होतं. जगातल्या सगळ्या वंशांचे लोक लाजेनं लाल होतात का, हे कळावं म्हणून त्यानं देशोदेशीच्या ओळखीच्यांना प्रश्नावली पाठवली. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातूनही त्याला माहिती मिळाली. त्याच्या आधी, १८३९ मध्ये, टॉमस बर्जेस या डॉक्टरनं याच विषयावर पुस्तक लिहिलं होतं. त्यातलं एक निरीक्षण डार्विननं उचललं आहे. एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या चेहऱ्यावर जुन्या जखमेचा व्रण होता. तिला कुणी रागावलं की तो व्रण लाल होई. बाकीच्या त्वचेत रक्त तेवढंच वाढत होतं, फक्त रंगद्रव्यामुळे ते दिसत नव्हतं.

आजही मुद्दा तोच. त्वचा सावळी असली तरी रक्त वाढतं, ऊब वाढते, फक्त रंग झाकला जातो. म्हणून आपल्याकडे ‘लाल दिसतं का?’ यापेक्षा ‘गरम लागतं का, कान तापतात का, मान भरून येते का?’ हे प्रश्न जास्त उपयोगाचे. आणि ज्याला त्रास होतो त्याच्यासाठी यात एक दिलासाही आहे. आपल्याला जेवढं जाणवतं, तेवढं समोरच्याला दिसत नाही.

लाल होण्याचीच भीती

एकदा चारचौघांत चेहरा तापला, कुणी तरी हसलं आणि ते मनात बसलं की पुढच्या वेळी चिंता प्रसंगाची राहत नाही, चेहऱ्याची होते. ‘आता पुन्हा होणार.’ मग लक्ष गालांवर जातं. गाल थोडे कोमट होतात. ‘झालंच सुरू!’ अ‍ॅड्रिनलिन आणखी वाढतं, गाल आणखी तापतात. हे चक्र इतकं ओळखीचं आहे की लाल होण्याच्या भीतीला वैद्यकात ‘एरिथ्रोफोबिया’ असं स्वतंत्र नाव आहे.

यावर झालेलं संशोधन सांगण्यासारखं आहे. १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये संशोधकांनी लाल होण्याची फार भीती असलेल्या आणि अजिबात नसलेल्या स्त्रियांना अवघडल्यासारखं वाटेल अशा प्रसंगात ठेवलं आणि चेहऱ्याचा रंग उपकरणानं मोजला. भीती असलेल्यांना आपण जास्त लाल झालो असं वाटत होतं. उपकरणाला तसा फरक दिसला नाही. ड्रमंड यांनी २००४ मध्ये आणखी एक गंमत दाखवली. कुणी आपल्या चेहऱ्याच्या एकाच बाजूकडे टक लावून बघत राहिलं, तर त्या बाजूचा रक्तप्रवाह जास्त वाढतो! म्हणजे नजर सुद्धा चेहरा तापवते.

अलीकडे, २०२४ मध्ये, नेदरलँड्समध्येच १६ ते २० वर्षांच्या मुलींना कठीण गाणी गायला लावून त्यांचा व्हिडिओ काढला गेला आणि नंतर मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून तो त्यांनाच दाखवला. स्वतःचं गाणं बघताना गालांचं तापमान वाढलं. मेंदूत आपल्याबद्दल लोक काय म्हणतील याचा खल करणाऱ्या भागांपेक्षा भावनिक उत्तेजनेशी आणि लक्षाशी जोडलेले भाग अधिक जागे झालेले दिसले. म्हणजे ही गोष्ट विचार करून होत नाही. त्यामुळे ‘तू विचारच करू नको’ हा सल्ला का फसतो, तेही कळतं.

वर्गात ‘बघा, बघा, कशी लाल झाली’ असं म्हणणाऱ्यांना या प्रयोगांतून काही तरी घेता येईल. गंमत म्हणून टाकलेलं हे वाक्य ज्या चक्रात जाऊन पडतं, त्यातून एखादी मुलगी हात वर करणं सोडते, एखादा मुलगा मुलाखतीलाच जात नाही. डोकं हुशार असूनही दारापाशी थांबलेली अशी मुलं प्रत्येक गावात आहेत आणि त्यांच्याबद्दल ‘लाजाळू आहे’ यापलीकडे कुणी काही बोलत नाही. खरं तर लाल होणं हा दोषच नाही. चूक करून लाल झालेल्या माणसाबद्दल लोकांचं मत तुलनेनं बरं होतं, त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो, असंही डच अभ्यासांत दिसलं आहे.

बीडमध्ये आधी विचारायचा प्रश्न

आता दुसरी बाजू. तिशी-पस्तिशीतली बाई म्हणते, ‘छातीपासून आग निघते, मानेवरून तोंडावर चढते, घामानं भिजते, मग थंडी वाजते. रात्री तर उठून बसावं लागतं.’ पुण्या-मुंबईच्या डॉक्टरला या वयात रजोनिवृत्ती सुचणार नाही, तो चिंतेकडे बोट दाखवील. बीडमध्ये मात्र पहिला प्रश्न दुसरा असायला हवा : पिशवी काढली आहे का, आणि पिशवीबरोबर अंडाशयही काढले का?

दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या फडांवर जाणाऱ्या टोळ्यांमध्ये बीडच्या बायका मोठ्या संख्येनं असतात. या बायकांमध्ये लहान वयात गर्भाशय काढण्याचं प्रमाण फार आहे, हे २०१९ मध्ये देशभर गाजलं. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारनं समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२ हजार ३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजार ८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. म्हणजे साधारण सहा जणींत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण देशात ३.२ टक्के होतं. पाळीत खाडा पडला की दंड, फडात ना आडोसा ना पाणी, अंगावरून जाण्याचा त्रास घेऊन दवाखान्यात गेलं की ‘पिशवी काढा, नाही तर कॅन्सर होईल’ ही भीती. त्या चर्चेतून हे सगळं समोर आलं. ऑपरेशननंतरची वर्षं त्या कशा काढतात, यावर मात्र तितकं बोललं गेलं नाही.

अंडाशय काढले की इस्ट्रोजेन हे संप्रेरक एकदम खाली येतं. शरीराचं तापमान सांभाळणारं मेंदूतलं केंद्र तेव्हा फार हळवं होतं. जराशी ऊब वाढली तरी ‘शरीर तापलं’ असं समजून त्वचेच्या वाहिन्या उघडते, घाम सोडते. याला इंग्रजीतून आलेला ‘हॉट फ्लॅश’ हा शब्द डॉक्टर वापरतात. बायका ‘वाफा येतात’ म्हणतात, आणि तोच शब्द नेमका आहे. अंडाशय ठेवले असले तरी गर्भाशय काढलेल्या स्त्रीला रजोनिवृत्ती काही वर्षं आधी येऊ शकते. पाळीच बंद झालेली असल्यानं तिला ते कळायला दुसरी खूण उरत नाही. भारतीय स्त्रीला रजोनिवृत्ती साधारण ४६-४७ व्या वर्षी येते. ती तिशीत आली तर प्रश्न फक्त वाफांचा राहत नाही, हाडंही लवकर ठिसूळ होतात. अशा वेळी अनेकींना संप्रेरकांची गोळी उपयोगी पडते. ती कुणाला द्यायची, कुणाला नाही, हे स्त्रीरोगतज्ज्ञ ठरवतात. पण त्यासाठी आधी कुणी तरी प्रश्न विचारायला हवा. ‘टेन्शन घेऊ नका’ असं सांगून झोपेची गोळी लिहून दिली की हा सगळा मार्गच बंद होतो.

आणि दोन्ही गोष्टी एकाच बाईला असू शकतात. वाफांनी झोप मोडते, झोप मोडली की धास्ती वाढते, धास्तीनं वाफा जास्त जाणवतात. त्यात घरी सोडलेली लेकरं, न फिटलेली उचल. यातलं काय आधी, काय नंतर हे वेगळं काढता येत नाही. दोन्हींवर उपचार करावे लागतात.

आपली आग कुठली, हे कसं ओळखायचं?

ढोबळ खुणा आहेत. धास्तीची आग प्रसंगाला चिकटून येते. कुणी तरी बघतंय, काही तरी बोलायचंय, फोन वाजला, असं काही तरी आधी घडलेलं असतं. चेहरा, कान आणि मान यांच्यापुरती ती बहुधा राहते, हात गार असतात, छाती धडधडते आणि प्रसंग सरला की ओसरते. पॅनिक अटॅकमध्ये ती कुठलंही कारण नसताना, अचानक येते. काही मिनिटांत शिगेला पोहोचते, ‘आता मरतो’ अशी भीती वाटते, बोटांना मुंग्या येतात. रजोनिवृत्तीच्या वाफा प्रसंग बघत नाहीत, झोपेतूनही उठवतात, आणि ओसरताना हुडहुडी सोडून जातात.

लाली तासन्‌तास किंवा दिवसेंदिवस टिकत असेल तर कारण बहुधा त्वचेत आहे. इथं एका गोष्टीवर थांबायला हवं. ‘गोरं होण्याची’ म्हणून मेडिकलमधून आणलेली क्रीम. यातल्या बऱ्याच मलमांमध्ये तीव्र स्टेरॉइड असतं. पहिले काही आठवडे चेहरा उजळ दिसतो. मग त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या वर दिसू लागतात, ऊन लागलं की, चुलीपुढे बसलं की आग होते, आणि क्रीम थांबवली की आग दुप्पट. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला वेगळं नाव द्यावं इतकी ती आपल्याकडे दिसते. लग्न ठरलेल्या मुली यात फार अडकतात आणि मग लाल चेहऱ्याच्या लाजेनं पुन्हा तीच क्रीम लावतात. ती कशी थांबवायची हे त्वचारोगतज्ज्ञाला विचारूनच ठरवावं.

याशिवाय रोझेशिया हा त्वचेचा आजार असतो, थायरॉइड वाढलेला असतो, गाल आणि नाकावर फुलपाखरासारखं चट्टं आणणारा ल्युपस असतो. बीपीसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या अ‍ॅम्लोडिपिननं काहींचा चेहरा तापतो. दारूनं तापतो, तिखटजाळ रश्श्यानंही तापतो, हे सांगायला नकोच.

त्या क्षणी काय करायचं?

आग थांबवायचा प्रयत्न केला की ती वाढते, हे लक्षात ठेवायचं. रक्तवाहिन्या हुकूम ऐकत नाहीत. श्वास मात्र थोडा ऐकतो. नाकानं सावकाश घ्यायचा आणि घेतला त्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडायचा, असं दोन-तीन मिनिटं. भराभर दीर्घ श्वास घेऊ नयेत, त्यानं चक्कर आणि मुंग्या वाढतात.

दुसरं, लक्ष गालांवरून उचलून बाहेर ठेवायचं. समोरचा काय बोलतोय, त्याच्या शर्टाचा रंग कुठला, भिंतीवरच्या कॅलेंडरवर कुठला महिना आहे. ऐकायला पोरकट वाटेल, पण लक्ष कामाकडे वळवण्याचं हे प्रशिक्षण नेदरलँड्समध्ये लाल होण्याची भीती असलेल्या लोकांवर वापरून बघितलं गेलं आणि त्याचा उपयोग दिसला. तिसरं, गार पाण्याचा हात मानेवरून फिरवला तर बरं वाटतं, तो जरूर फिरवावा. आणि जवळचं माणूस असेल तर सरळ सांगून टाकावं, ‘मला बोलताना तोंड गरम होतं, दोन मिनिटांत जातं.’ लपवायचं ओझं उतरलं की निम्मा त्रास उतरतो.

ज्या प्रसंगाला भ्यायचं तो टाळत राहणं हा मात्र सगळ्यात महागडा उपाय. आज ग्रामसभा टाळली, उद्या लग्न टाळलं, परवा नोकरीचा अर्ज. दर वेळी सुटल्याचं समाधान मिळतं आणि भीती एक पायरी वर चढते.

उपचार काय, आणि कुठे?

रोजच्या कामात, शाळेत, नात्यात अडथळा येत असेल तर हा उपचार घेण्याजोगा आजार आहे. विचार आणि वागणूक यांवर काम करणारी मानसोपचाराची पद्धत (सीबीटी) यात पहिल्या क्रमांकावर येते. त्यात भीतीच्या प्रसंगाला टप्प्याटप्प्यानं सामोरं जायला शिकवतात. गरज पडली तर डॉक्टर एसएसआरआय गटातली औषधं देतात. ती लागू पडायला काही आठवडे जातात आणि त्यांची सवय लागते हा गैरसमज आहे. बंद मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानं, हळूहळू करायची. प्रोप्रॅनोलॉल नावाची गोळी बीटा रिसेप्टर अडवते, म्हणून भाषणाआधी घेण्यासाठी ती कधी कधी लिहून दिली जाते. दम्याच्या रुग्णाला ती धोक्याची ठरू शकते, त्यामुळे मित्राची चिठ्ठी वापरू नये. सवय लागते ती अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची. काउंटरवरून मागून त्या रोज घेणारे कमी नाहीत.

छातीतले मज्जातंतू कापण्याचं एक ऑपरेशनही आहे आणि इंटरनेटवर त्याच्या जाहिराती दिसतात. चेहरा लाल व्हायचं कमी होतं, पण नंतर पाठ-पोटावर अतोनात घाम येण्याचा त्रास अनेकांना आयुष्यभर चिकटतो आणि कापलेला तंतू परत जोडता येईल याची खात्री नसते. साधे उपाय नीट करून बघितल्याशिवाय या वाटेला जाऊ नये, हे आमचं स्पष्ट मत.

उमापूरच्या माणसाला हे सगळं कुठे मिळणार, हा प्रश्न रास्त आहे. मानसोपचारतज्ज्ञ गावोगाव नाहीत. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत (२०१५-१६) वेगवेगळ्या मानसिक आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून दूर असल्याचं दिसलं होतं. तरी वाट आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातून सुरुवात करता येते, तिथून गेवराई, मग बीडचं जिल्हा रुग्णालय. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. गाडीभाडं आणि दिवसाची मजुरी बुडवून तिथपर्यंत जाणं शक्य नसेल तर फोन हा पर्याय आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं. फडावरूनही हा नंबर लागतो.

या वेळी थांबू नका

चेहऱ्याच्या आगीबरोबर छातीत दुखत असेल, दम लागत असेल, ओठ-जीभ सुजत असेल, अंगावर गांधी उठत असतील, तोंड वाकडं होत असेल किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडत असेल, तर ते धास्तीवर ढकलू नका. उन्हात काम करताना अंग तापून माणूस बरळायला लागला तर तो उष्माघात समजावा, सावलीत आणून अंगावर पाणी मारावं आणि १०८ ला फोन करावा.

बाकी वेळी दवाखान्यात जाताना आठवडाभराची एक नोंद सोबत असू द्या. आग कधी झाली, आधी काय घडलं होतं, किती वेळ राहिली, त्या वेळी ताप मोजला तर किती होता. मोबाइलवर लिहिलं तरी चालेल. चालू गोळ्यांची पाकिटं आणि चेहऱ्याला लावत असलेल्या क्रीमची ट्यूब न्या. ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड न्या. कार्ड हरवलं असेल तर पोटाच्या सोनोग्राफीतून अंडाशय आहेत की नाहीत याचा बऱ्यापैकी अंदाज येतो, तेवढं डॉक्टरांना आवर्जून विचारा.